पाण्याखालची मिसेस

आबिड्सच्या बाजारातल्या एका फ्रेमवाल्याकडे मी वडिलांचा फोटो न्यायला गेलो होतो. तिथे एक गृहस्थ बायकोसोबत अंदमानच्या समुद्रातला फोटो मढवायला आले होते. दोघं स्कूबा डायव्हिंग करून आलेले, पण गृहस्थांच्या अंगातून समुद्र काही उतरला नव्हता. 'हो' म्हणायचं तर तोंड न उघडता अंगठा आणि बोट जुळवून गोल करायचे. "पाण्याखाली असंच बोलतात," हे गावातल्या हुसेनसागर तलावापलीकडे पाणी न पाहिलेल्या मला न विचारता सांगून झालं.

फोटो दाराएवढा. पुढे पट्ट्यापट्ट्यांचा मासा, मागे मास्क लावलेली बाई.

"ही आमची मिसेस! सगळा वेळ कॅमेरा हिच्यावरच होता."

मिसेस चष्मा लावून वाकल्या. "अहो, ही मी नाही. माझ्या पायातले फिन पिवळे होते. हिचे काळे आहेत."

"मास्कमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात गं."

"तरीच! मी हात हलवत राहिले आणि तुम्ही भलतीच्याच मागे पोहत गेलात."

फ्रेमवाला गोंधळला. "साब, फ्रेम करना कि नक्को?"

गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं, मग माशाकडे. मासा फारच सुरेख आला होता.

त्यांनी बोटं जुळवून गोल केला.