परवान्यातला थोरला

उंबरटेपाच्या ठाकरवाडीत परका माणूस आला आणि कुणी त्याला लांबून लडकू दाखवला, की तो हमखास वाकून नमस्कार करायचा. जवळ गेल्यावर कळायचं, की बाबा म्हणून ज्याच्या पाया पडलो तो आपल्याच वयाचा गडी आहे. लडकूला मिसरूड फुटलं आणि त्याच सुमाराला डोकं पिकायला लागलं. लग्नाचं वय झालं तोवर सगळं कापसासारखं पांढरं. आईकडून आलं होतं म्हणतात. तिचेही केस असेच लवकर पिकलेले.

त्याचा थोरला भाऊ चांगो नेमका उलटा. नातवंडं खेळवायच्या वयाला आला तरी केस काळेभोर, दात असे की ऊस सोलायला कोयता लागत नसे. दोघं भाऊ शेजारी उभे राहिले की पाहणारा चुकणारच. लडकूसाठी मुलगी बघायला दोघं खालापूरच्या अंगाला गेले होते, तेव्हा मुलीच्या, म्हणजे कोंडीच्या, बापानं चांगोला प्रेमानं जवळ बसवून घेतलं, लडकूकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "पाव्हनं, तुमचा बा कमी बोलतो का?" परतीच्या वाटेवर चांगो हसून हसून दोनदा बांधावर बसला. लडकू मात्र हसला नाही. कोंडीनं तरीही त्याला पसंत केलं ही गोष्ट निराळी. ती म्हणायची, माझा नवरा आधीच म्हातारा होऊन बसलाय, आता आणखी काय व्हायचा.

असा हा लडकू. बोलायला गरीब, कामाला चिवट, घरातला धाकटा. धाकट्याच्या वाट्याला जे येतं ते सगळं त्याच्या वाट्याला आलेलं. पाण्याला तोच, लाकडाला तोच, पाहुणा आला की जागा सोडायची त्यानंच. जेवताना थोरल्याच्या पानात आधी पडायचं. त्याची तक्रार नव्हती, पण मनात कुठंतरी एवढंसं कुसळ होतं.

आता दारूचं सांगायला हवं. त्या काळात आपल्याकडे दारूबंदी होती. म्हणजे कायद्यात होती. मोहाचं झाड वाडीच्या उशाशी, फुलं अंगणात पडायची, पण ती फुलं ढिगानं घरात सापडली तरी चौकशी. ठाकरांची पंचाईत अशी, की त्यांच्या लग्नात दारू नुसती पिण्यासाठी नसते. मांडवात गाणी सुरू व्हायच्या आधी घरातल्या थोरल्या पुरुषानं पितरांच्या नावानं दारूची धार जमिनीवर सोडायची. ती सुटली की पितर आले असं धरायचं, मग गाणारी बाई तोंड उघडणार, मग हळद, मग लग्न. धार नाही तर काहीच नाही. सरकारनं माणसांना बंदी केली हे वाडीला समजलं होतं. मेलेल्यांना कशी काय केली, हे कुणालाच समजेना.

आदल्या वर्षी वाडीतल्याच धाकलूच्या घरी लग्न होतं. गाणं सुरू व्हायला आणि दारूबंदीची धाड पडायला एकच गाठ पडली. मडकी फुटली, नवऱ्याच्या मामाला धरून नेलं, वऱ्हाड उपाशी उठलं. म्हणून चांगोच्या मुलीचं, चिमाचं, लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी पहिलीच अट घातली, की आमचा माणूस चौकीत जाता कामा नये. धार तर सुटली पाहिजे आणि शिपाई तर आला नाही पाहिजे. चांगोची झोप उडाली.

तोडगा धाकलूनंच आणला. आधी हात पोळलेला, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. म्हणाला, सरकारनं आता परवाना काढलाय. चाळिशी उलटलेली असली आणि डॉक्टरनं प्रकृतीसाठी गरज आहे असं लिहून दिलं, की माणूस राजरोस दुकानातून बाटली आणू शकतो. ऐकून वाडी चकित झाली. जवान माणूस राबून आला तर त्याला बंदी आणि खोकणाऱ्या म्हाताऱ्याला मोकळीक. चांगोची बायको आवडी म्हणाली, सरकारची आई लवकर गेली असणार, नाहीतर कुणाला काय पाजायचं ते शिकवलं असतं.

तर दोघं भाऊ पळसदरीपर्यंत उतरले आणि रुळाच्या कडेनं कर्जतला पोचले. परवाना चांगोच्या नावावर काढायचा हे ठरलेलंच होतं. लडकू नुसता सोबतीला. दोघांनी तपासून घ्यावं, एकाचं हुकलं तर दुसऱ्याचं, एवढाच धाकलूचा सल्ला.

इथं चांगोनं घोळ घातला. त्याच्या उभ्या आयुष्यात सरकारी माणसानं त्याला निरखून पाहिलं होतं ते घाटातल्या रुळाच्या कामावर भरती होताना. तिथं मुकादम छाती बघायचा, दंड दाबायचा आणि धडधाकट तेवढे ठेवायचा. तेव्हा सरकारकडून काही मिळवायचं तर ताकद दाखवायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. डॉक्टरनं "आत या" म्हटल्याबरोबर तो छाती काढून आत शिरला, मुंडासं बाजूला ठेवलं आणि डॉक्टरनं काही विचारायच्या आत बैठका मारायला सुरुवात केली. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबला नाही. वर दात दाखवले. वर कोपऱ्यातलं लोखंडी बाकडं एका हातानं उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

डॉक्टरनं वय विचारलं. चांगो म्हणाला, डोंगराला मोठा वणवा लागला त्याच्या पुष्कळ आधीचा. डॉक्टरला कुठला वणवा ठाऊक असणार. त्यानं ते काळे केस पाहिले आणि नाही म्हणून मान हलवली.

मग लडकू आत गेला. चुलीच्या धुरानं त्याला खोकला होताच, तो नेमका दारात उसळला. डॉक्टरनं पांढरं डोकं पाहिलं, खुर्ची पुढे सरकवली, बसा बाबा म्हटलं आणि लिहायला घेतलं. लडकूला चाळिशी भरली होती की नाही हे देवाला ठाऊक. निघताना डॉक्टर चांगोकडे बघून हसत लडकूला म्हणाला, "तुमच्या या धाकट्याला दहा वर्षांनी घेऊन या."

तिथं लडकूनं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यानं. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी चांगोला त्याचा धाकटा म्हटलं होतं, आणि ते कानाला असं काही गोड लागलं की तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं."

चांगोनं ते ऐकलं. परत येताना तो अख्खी वाट लडकूच्या चार पावलं मागून चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लडकू नेहमीसारखा पाण्याच्या हंड्याकडे गेला, तर हंडा नव्हता. चांगो झऱ्यावरून भरून घेऊन येत होता. "तुमी बसा दादा," म्हणाला, "थोरल्यानं पाणी भरलेलं बरं दिसत नाय."

लडकूला वाटलं, गंमत. पण जेवायला बसले तर चांगो खाली सरकला आणि त्याला वरच्या जागी बसवलं. आवडीनं भाकरी आधी लडकूच्या पानात टाकली आणि कोंडीला म्हणाली, "तुमी नका उठू जाऊबाय, धाकटी हाय ना मी वाढायला." वाडीला काय, तेवढंच हवं होतं. धाकलू तर लांबूनच राम राम घालायचा, थोरल्या लडकूदादांना.

पहिले काही दिवस लडकूला बरं वाटलं हे कबूल करायला हवं. पानात आधी पडलेली भाकरी गरम असते. पण थोरलेपणाचं दुसरं अंगही लवकरच उघडं पडलं. वाडीतल्या गोमाच्या आणि धाकलूच्या बांधाचं भांडण आलं, चांगो म्हणाला, दादाला विचारा. लडकूनं गोमाची बाजू घेतली तर धाकलू रुसला, धाकलूची घेतली तर गोमा. मुलाकडची माणसं मानपानाचं बोलायला आली, चांगो कोपऱ्यात जाऊन बसला, आमचे दादा बोलतील म्हणून. लडकू काय बोलतो. त्यानं प्रत्येक गोष्टीला मान डोलवली आणि मुलाकडच्यांना जे जे हवं ते सगळं कबूल करून बसला. रात्री कोंडीनं त्याला असं काही सुनावलं की हंडा भरणं पुष्कळ सोपं, हे त्याच्या ध्यानात आलं.

आणि मग चांगोनं शेवटची गोष्ट सांगून टाकली, ती सगळ्यांसमोर. धार लडकू सोडील. सरकारनं त्याला थोरला ठरवलाय, परवाना त्याच्या नावाचा, आपण कशाला मधे.

यावर मात्र वाडी हसली नाही. चिमा चांगोची पहिली मुलगी. बापाच्या हयातीत दुसऱ्याच्या हातून धार सुटली तर पितरांनी कुठं यायचं. गाणारी सोमी म्हातारी, तिनं तर सरळ सांगितलं, थोरल्याचा हात दिसला तर मी तोंड उघडीन, नाहीतर मिटूनच बसेन. चिमा आईच्या मागे जाऊन रडली. ते लडकूनं पाहिलं. तो एकटाच चांगोकडे गेला, दादा, धार तूच सोड म्हणाला. चांगो म्हणाला, परवाना बघा दादा, त्यात माझं नाव कुठं हाय.

आणि ते खोटंही नव्हतं. बाटली आणायला लडकू कल्याणला गेला तेव्हा दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. ज्याच्या नावचा परवाना, बाटली त्याच्याच हातात राहिली पाहिजे आणि प्यायचीही त्यानंच. दुसऱ्याच्या हातात दिसली तर दोघंही आत.

लग्नाच्या दिवशी दारूबंदीचा जमादार आलाच. मालोजी नाव त्याचं, तरणा, नवीनच बदलून आलेला. परवाना पाहिला, बाटली पाहिली, सगळं नियमात. पण नियमातच राहतंय का हे बघायला तो मांडवाच्या मेढीला टेकून उभा राहिला. आवडीनं त्याला बसायला गोणपाट दिलं, गुळाचं पाणी दिलं.

मांडव भरला. नवरामुलगा पाटावर, चिमा खाली मान घालून. सोमी म्हातारी तोंड मिटून. लडकू मधोमध बाटली धरून उभा आणि चांगो बाहेर जांभळीखाली, पाठ करून.

लडकूनं एकदा चिमाकडे पाहिलं, एकदा जमादाराकडे, आणि मोठ्यानं म्हणाला, "जमादारसायब, त्यो भायेर उभा हाय ना, त्यो माजा थोरला भाऊ. डाक्टर चुकला व्हता. मी गप ऱ्हायलो. माजी चूक हाय ती."

जमादार म्हणाला, असेल थोरला, पण कायदा परवान्यावरचं नाव बघतो. बाटली तुझ्या हातातून सुटता कामा नये.

"नाय सोडत," लडकू म्हणाला. तो बाटली घेऊन तसाच जांभळीखाली गेला आणि चांगोपुढे उभा राहिला. "दादा, मी बाटली सोडत नाय. तू माजा हात धर. लहानपनी कोयता धराया शिकवलास तसा."

चांगोनं वळून पाहिलं. पांढऱ्या डोक्याचा धाकटा भाऊ, हातात बाटली, कपाळावर घाम. मांडवात चिमानं मान वर केली होती. चांगोच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"डाक्टरापुढं दातखीळ बसली व्हती का रं लडक्या?"

"बसली व्हती."

"चल मग."

दोघं मांडवात आले. बाटली लडकूच्या मुठीत, लडकूचं मनगट चांगोच्या मुठीत. चांगोनं पितरांची नावं घेतली, बापाचं, आज्याचं, त्याच्याही मागची, आणि मनगट वाकवलं. धार सुटली. सोमीनं डोळे बारीक करून हात कुणाचा आहे ते नीट बघून घेतलं आणि असं काही गाणं लावलं की जांभळीवरचे कावळे उडाले.

सगळ्यांनी जमादाराकडे पाहिलं. मालोजीनं थोडा विचार केला. परवानेदाराचं मनगट कुणी धरावं आणि कुणी धरू नये याबद्दल त्याच्या कायद्यात काही नव्हतं. पण नोकरी ती नोकरी. तो म्हणाला, ठीक आहे, आता उरलेली मात्र परवानेदारानंच प्यायची, वाटायची नाही.

आता लडकूला दारूचं वावडं. दोन घोटांत त्याला झोप यायची. तो कासावीस होऊन जमादाराला म्हणाला, "सायब, तुमीच घ्या की वाईच."

जमादार कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, मला अजून तिशी लागली नाही. अख्खा मांडव पोट धरून हसला. दारू राखणाऱ्यालाच दारूचं वय नाही, हे वाडीनं पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवलं.

चांगो तेवढा हसला नाही. तो विचार करत होता. मग त्यानं जमादाराला विचारलं, "सायब, आमचा आजा जाऊन लई सालं झाली. त्याचं वय भरलंय का कायद्यात?"

भरलं असेल, मालोजी म्हणाला.

"आनि त्याच्या बापाचं?"

त्याचंही भरलं असेल.

"मग लडक्या, हात दे," चांगो म्हणाला. त्यानं पुन्हा मनगट धरलं आणि आठवतील तेवढ्या पितरांना एकेक करून बोलावलं. आठवेनात तेव्हा सोमीनं चार नावं पुरवली, गोमानं आपली दोन घुसडली, धाकलूनं तर अजून जिवंत असलेल्या एका सासऱ्याचं नाव घेऊन पाहिलं. बाटली रिकामी झाली. उंबरटेपाच्या पितरांनी असं भरपेट लग्न त्याआधी कधी पाहिलं नसेल.

मालोजीनं रिकामी बाटली पाहून घेतली, पोटभर भात जेवला आणि उन्हं कलल्यावर वाटेला लागला. तो ओढ्यापलीकडे दिसेनासा झाल्यावर धाकलूनं कुठल्या झुडपातून काय काढलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लडकूनं त्यातला थेंबही घेतला नाही. तो चांगोजवळ जाऊन नुसता बसला. चांगोनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसलास काय रं, पाव्हन्यांना पानी कोन देनार?"

लडकू टुणकन उठला. हंडा उचलताना त्याचा चेहरा असा उजळला होता, की नवऱ्याच्या मामानं शेजाऱ्याला विचारलं, हे म्हातारबाबा एवढे खूश कशानं झाले.