वाईट बातमी कळवू नका

भिंगरीला घरात खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. पोरगं एका जागी टिकत नाही म्हणून आईनंच ते नाव पाडलं, आणि त्यानं ते जन्मभर सार्थ केलं. हवामान मोजायची यंत्रं दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि ती यंत्रं नेमकी माणूस राहत नाही तिथंच बसवलेली. बर्फाच्या कड्यावर, वाळवंटाच्या पोटात, चिटपाखरू नसलेल्या बेटावर. एकदा नदी ओलांडताना दोरावरचा पाळणा मधोमध अडकला आणि हा दीड दिवस लोंबकळत राहिला. उजव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली. "नखं कापायचं काम तेवढंच कमी झालं, वहिनी," एवढंच म्हणाला.

लग्न केलं नाही. परत यायचं घर एकच, थोरल्या भावाचं. पहिल्या मोठ्या सफरीला निघताना त्यानं दारातच बजावलं होतं, "वाईट बातमी कळवू नका. तिथून मला मागं फिरता येत नाही. नुसता जीव टांगणीला लागतो."

घरानं ते इमानेइतबारे पाळलं. आई गेली ते त्याला परत आल्यावर कळलं. अकरा वर्षांपूर्वी भाऊ गेला तेव्हा तो बेटावर होता. वहिनी सात महिने लिहीत राहिली, 'ह्यांची तब्येत बरी आहे, तुमची आठवण काढतात.' कागदावर नवऱ्याला जिवंत ठेवायचं, पाकीट चिकटवायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि स्वयंपाकाला लागायचं. तो आला तो दारातूनच भावाला हाका मारत. वहिनी नुसती बाजूला सरली, तेव्हा त्याला भिंतीवरचा फोटो दिसला. कसा गेला, कधी गेला, त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. पंधरा दिवसांत पुन्हा बॅग भरली.

आता सत्तरी गाठत आली. गुडघे गेले तशी गेली दोन वर्षं तो घरातच होता. मंगळवारी त्याच्या तपासण्यांचा कागद आला. डॉक्टरांनी वहिनीला एकटीलाच आत बोलावलं.

"सांगू नकोस, आई," तिचा मुलगा म्हणाला. "काकांचाच नियम आहे."

तिनं कागद कपाटात चादरींखाली सारला. तीन दिवस तो तिच्याच छातीवर ठेवल्यासारखा जड झाला.

शुक्रवारी दुपारी दोघं मटार सोलत बसली होती.

"डॉक्टर काय म्हणाले, वहिनी?"

"अशक्तपणा आहे म्हणाले. नीट जेवत जा."

"तुमची खोटं बोलायची तऱ्हा मला पाठ आहे. सात महिने वाचलीय मी."

"नियम तुमचाच होता, भाऊजी."

"तो लांब जाणाऱ्या माणसाचा होता. आता मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरतो मी. मला कुठून मागं फिरायचंय?"

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मान वर न करता तिनं सांगितलं. पोटात गाठ आहे. पसरलीय. फार तर सहा महिने.

त्यानं आणखी दोन शेंगा सोलल्या. दाणे नीट ताटात पाडले.

"दादा शेवटी काही बोलला होता का?"

अकरा वर्षांनी आलेल्या या प्रश्नाला एखादं गोड उत्तर द्यायला तिला काही अवघड नव्हतं. सवय होती हाताला. पण आत्ताच एक खरं बोलून झालं होतं, आणि त्याच्या पाठोपाठ खोटं येईना.

"तुमचं पत्र आलं का, म्हणून विचारत होते. दोनदा विचारलं."

"आलं होतं?"

"नाही. तीन आठवड्यांनी आलं."

"काय लिहिलं होतं मी?"

"तिथल्या वाऱ्याबद्दल. चार पानं."

त्यानं मान हलवली. टोपलीतल्या शेंगा संपल्या होत्या, तरी त्याची बोटं टरफलांत चाचपडत राहिली. वहिनीनं टोपली उचलली नाही.