एका विहिरीच्या दोन जावा

आपल्या घरचं माणूस शेजारच्या घरात खळखळून हसतंय आणि आपण भिंतीच्या अलीकडं एकट्याच भाकरी थापतोय, अशी वेळ तुमच्यावर कधी आलीय का? आली नसेल तर गोजराबाईला नावं ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. एवढं डोक्यात घ्या आणि मग पुढं वाचा.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्यानं भूगावात शिरलं की डाव्या हाताला एक पत्र्याच्या खोल्यांची ओळ दिसायची, आणि अंगण सोडून तिच्यासमोर दुसरी. पहिली गोजराबाईची, दुसरी तिच्या धाकट्या जावेची, साळूबाईची. दोघींच्या नवऱ्यांनी, नथूनं आणि बहिरूनं, वाटण्या झाल्यावर रान बिल्डरला दिलं आणि आलेल्या पैशात खोल्या बांधून भाड्यानं लावल्या. मधली विहीर तेवढी दोघांत राहिली. सासऱ्यानं उन्हाळी कांद्यासाठी पाणीपाळी बांधून दिली होती, एक दिवस थोरल्याचा, एक दिवस धाकट्याचा. कांदा गेला, रान गेलं, पाळी राहिली. आता त्याच पाळीनं भाडेकरूंच्या टाक्या भरायच्या. ज्याचा दिवस त्याच्याकडं मोटारीच्या खोलीची किल्ली. दुसऱ्यानं बटणाला हात लावायचा नाही.

हा नियम गोजराबाईनं एकदाही मोडला नाही. तिचं भांडण पाण्यावरून नव्हतंच. साळूबाईला दोन मुली. उन्हाळ्यात, दिवाळीत, गावच्या जत्रेला दोघी पोराबाळांसकट माहेरी यायच्या. दारात चपलांचा ढीग पडायचा. अंगणात पोरं लोळायची. गोजराबाईला एकच मुलगा, अमोल. त्याच्या बायकोला गोठ्याचा वास सोसेना म्हणून दोघं कोथरूडला ब्लॉकमध्ये जाऊन राहिली. सणावाराला यायची, चहा घ्यायची, जायची. जावेच्या दारातला चपलांचा ढीग दिसू नये म्हणून गोजराबाईनं मधे पत्रा उभा केला होता. मी तिला विचारलं, काकी, हा पत्रा कशाला? म्हणाली, वारं लई येतंय. वैशाखात.

मग २००५ साली तिच्या खोलीत मेधा आली. नवरा ऋषिकेश हिंजवडीत कॉम्प्युटरवर, ही कोथरूडच्या एका ऑफिसात. दोघं परभणीकडची. मेधाची आई ती शाळेत असतानाच गेलेली. पहिले काही महिने गोजराबाई तिच्याशी मालकिणीसारखीच वागली. दिवा का जळतोय, नळ का गळतोय, पाहुणे किती दिवस. मग एकदा मेधाला ताप आला आणि हिनं आंबेमोहोराची पेज करून नेली. तिथून सगळं फिरलं. मेधा ऑफिसातून आली की स्वतःच्या खोलीत जायच्या आधी हिच्या ओट्यावर टेकायची. मेधाला दिवस गेले तेव्हा गोजराबाईनं माळ्यावरची बाज उतरवली, नवा सुंभ आणून विणून घेतली, शेगडी घासून ठेवली. बाळंतपण आपल्याच घरी, हे तिनं ठरवूनही टाकलं. मेधाला विचारायला मात्र ती विसरली.

आणि घात केला सुकटीनं. गोजराबाईच्या गळ्यात माळ, घरात मासळीचं नाव नाही. मेधाला डोहाळे लागले ते नेमके सुकटीचे. वास पलीकडून यायचा. एका संध्याकाळी गोजराबाईनं पत्र्याच्या कडेनं पाहिलं तर मेधा साळूबाईच्या चुलीपुढं मांडी ठोकून सुकटीची चटणी आणि भाकरी खातेय, हसतेय, आणि साळूबाई तिच्या ताटात आणखी वाढतेय.

मेधा परत आली तेव्हा ही दारातच उभी होती. म्हणाली, "तिच्या घरचं ग्वाड लागतंय नव्हं? मग ऱ्हायलाबी तिकडंच जा."

आमच्याकडं असं बोलल्यावर समोरच्यानं रुसायचं, दोन दिवस बोलायचं नाही, आणि मग बोलणाऱ्यानंच ताट घेऊन जायचं असतं. मेधाला हा रिवाज कोण सांगणार? ती भाड्यानं राहणारी बाई. मालकीण जा म्हणाली, तिनं सामान बांधलं. साळूबाईची कडेची खोली रिकामीच होती. ऋषिकेशनं गाद्या उचलल्या तेव्हा गोजराबाई पाठ करून तांदूळ निवडत बसली होती. नथूकाका तिला म्हणाला, अगं अडव की पोरीला. ही उठली नाही. पुढं कित्येक दिवस बाज अंगणात तशीच उभी होती. कुणी बसलेलं तिला चालत नव्हतं.

मुलगी झाली ती ऐन मे महिन्यात. विहिरीचा तळ दिसत होता. साळूबाईकडं तेव्हा तिच्या दोन्ही मुली आलेल्या, चारही खोल्या भरलेल्या, बाळंतिणीचे कपडे वेगळे. तिच्या दिवशी भरलेली टाकी त्याच दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी बाळाची पाचवी. टँकरवाला सोसायट्या सोडून गावात वळायला तयार नाही. दिवस गोजराबाईचा, आणि मोटारीच्या खोलीला हे भलंमोठं कुलूप.

बहिरूकाका मला बोलवायला आला. पाण्यासाठी ग्रामपंचायतीवर हंडा मोर्चा मीच काढला होता, म्हणून गावातलं पाण्याचं कुठलंही भांडण माझ्याच दारात येतं. शाळा माझी सातवीत सुटली, कायदा मी तहसील कचेरीच्या बाकड्यावर बसून शिकले, पण जावांच्या भांडणाला कुठलं कलम लागतं ते अजून सापडलेलं नाही. गेले आणि थेट ओरडलेच. ओल्या बाळंतिणीचं पाणी तोडतेस? लाज वाटत नाही?

गोजराबाई चुलवणाला लाकूड सारत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढारीनबाई, आवाज पंचायतीत. हितं दिस माजा हाय."

मी म्हटलं, दिवस तुझा आहे, बाळ कुणाचं? तर म्हणाली, तेच तर इचारतीया मी.

तेव्हा मी चुलवणाकडं नीट पाहिलं. वर मोठा हंडा होता, आणि पाणी आंघोळीला लागेल तेवढंच कोमट केलेलं. तिनं पदर खोचला, हंडा उतरवला, कमरेवर घेतला आणि पत्र्याला वळसा घालून निघाली. तो पत्रा उभा केल्यापासून ती त्या बाजूला गेली नव्हती. मी मागोमाग.

साळूबाई दारात आडवी आली. हंड्याकडं तिनं हात पुढं केला. गोजराबाईनं हंडा दुसऱ्या कमरेवर घेतला.

"पानी माजं. न्हाऊ मीच घालनार."

"बाळ माज्या घरात हाय, आक्का."

"आन आधी कुनाच्या घरात हुतं?"

दोघींच्या डोळ्यांत असं काही होतं की मी, मोर्चात पोलिसांना न घाबरणारी, दोन पावलं मागं सरले. आत बाळ रडत होतं. साळूबाईच्या मुली भिंतीला टेकून गंमत बघत होत्या. शेवटी आतून मेधाच बोलली. तिचा आवाज थकलेला होता, पण धार होती. "मावशी, आत यायचं तर या. पण इथं चुलीवर सुकट आहे. चालेल का तुम्हाला?"

गोजराबाई उंबऱ्यात थांबली. गळ्यातली माळ तिनं पदराखाली घेतली आणि आत गेली.

मोरीत पाटावर बसून तिनं पाय लांब केले, बाळाला पायांवर पालथं घेतलं. पाणी ओतायला दुसरं माणूस लागतंच. साळूबाईनं तांब्या घेतला. ही म्हणाली, हळू वत, डोळ्यात जाईल. तिनं म्हटलं, मला शिकवू नगंस, दोन पोरी न्हाणल्यात मी. हा टोला बसला. मग गोजराबाईनं बाळाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, ही तिसरी माजी. साळूबाईनं तांब्या आपटला, पण पाणी ओतायचं सोडलं नाही.

त्या दिवसापासून विहिरीची पाळी बाळाला लागली. खरंच सांगते. ज्या दिवशी गोजराबाईचं पाणी त्या दिवशी गोजराबाई न्हाऊ घालणार, दुसऱ्या दिवशी साळूबाई. बारशानंतर मेधा घराबाहेर पडायला लागली तशी पोरगीही एक दिवस पत्र्याच्या अलीकडं, एक दिवस पलीकडं. किमया नाव ठेवलं होतं तिचं. एकीच्या ओट्यावर ती रांगायला लागली तर दुसरीनं ऐकूनच घेतलं नाही, म्हणाली, काल माज्याकडं रांगली हुती. ऋषिकेश सुट्टी काढून तिला फिरायला घेऊन गेला आणि तो दिवस गोजराबाईचा निघाला, तर त्या बापाला तिनं बदली दिवस मागितला. आणि त्यानं मुकाट्यानं दिलाही.

मेधाचा फायदाच झाला. पाळणाघराचा प्रश्न आला नाही, ऑफिस सुटलं नाही. पण ती परत अलीकडच्या खोलीत राहायला आली नाही. गोजराबाई मला दर वेळी म्हणायची, तू सांग की तिला, तुझं ऐकंल. मी सांगितलं. मेधा म्हणाली, ताई, एकदा जा म्हटलेल्या घरात पुन्हा सामान टाकायला मन होत नाही. हे मी गोजराबाईला कधी सांगितलं नाही.

पुढं दोन वर्षांनी त्यांनी वाकडला फ्लॅट घेतला आणि गेली. विहिरीची जागाही बिल्डरनं घेतली, आता तिथं पार्किंग आहे. पाणीपाळी संपली, जावांना भांडायलाही काही उरलं नाही. गेल्या वर्षी मेधा मुलीला घेऊन एक रविवार येऊन गेली. गोजराबाई त्या दिवशी ताम्हिणीला भावाच्या घरी होती. संध्याकाळी परतली तर साळूबाईनं सगळं रंगवून सांगितलं, पोरगी किती उंच झाली, काय काय बोलते, कसं जेवली. गोजराबाई शांतपणे ऐकून घरी आली, दार लावलं आणि नथूकाकाला जेवायलाही वाढलं नाही. मला म्हणाली, "मी असते तर आधी माज्याकडं आली असती. व्हय ना?"

मी व्हय म्हटलं. खरं काय ते मेधालाच ठाऊक.

तुमच्यापैकी कुणी वाकडकडं राहत असेल आणि तुमच्या सोसायटीत परभणीकडची मेधा असेल, किमया नावाची पोरगी असेल, तर एवढा निरोप द्या. म्हणावं, पोरीला घेऊन भूगावला ये, आणि चपला आधी गोजराबाईच्या दारात काढ. साळूबाईला मी बघून घेते.