फाटक्या पातळांच्या शोधात तीन दिवस

नातवानं अंबरनाथला पालेगावात फ्लॅट घेतला आणि मला विचारलं, आजी, तू या बाजूला कधी आली होतीस का? मी म्हटलं, तुझा बाप जन्मायच्या आधी, आणि तेही फाटकी पातळं गोळा करायला. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. म्हणून मोबाईलवर एका बोटानं हे सगळं लिहून काढतेय. तुम्ही उल्हासनगरला कापड घ्यायला, अंबरनाथचं देऊळ बघायला किंवा बदलापूरला पावसाळ्यात भिजायला जाणार असाल, तर वाटेत वाचायला होईल.

पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल. मी वीस वर्षांची होते आणि दादरच्या एका स्टुडिओत मामाच्या हाताखाली शिवणकाम करत होते. मामा कपडेपटाचा प्रमुख. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांचे कपडे ज्या खोलीत असतात, तो कपडेपट. त्याची किल्ली गेली अठरा वर्षं मामाच्या कमरेला होती. आईवडील गेल्यावर मामानंच मला वाढवलं. लग्न त्यानं केलं नाही. म्हणायचा, मापं घेता घेता वेळच मिळाला नाही.

त्या वर्षी झोपडपट्टीवरचा एक चित्रपट निघाला. मामानं नायिकेसाठी कोरी पातळं आणली, कात्रीनं फाडली, चहाच्या पाण्यात बुचकळून काढली. पडद्यावर पाहिल्यावर दिग्दर्शकसाहेबांनी कपाळाला हात लावला. ही बाई गरीब दिसत नाही, मांजरानं ओरबाडल्यासारखी दिसते, म्हणाले. सोमवारी सकाळपर्यंत खरीखुरी वापरून झिजलेली पातळं आणा, नाहीतर किल्ली टेबलावर ठेवा. मला एक वही दिली. तिच्यात त्यांनी स्वतःच्या हातानं तीन मथळे घातले होते: पात्रं, संघर्ष, दारिद्र्य. निरीक्षण करून भरून आण, असा हुकूम.

मामा घरी येऊन जेवला नाही, आणि मामा जेवला नाही म्हणजे प्रकरण गंभीर. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. बरोबर बदली द्यायला बारा नवी पातळं, एक वळकटी आणि वही. मी माझं तपकिरी काठाचं ठेवणीतलं पातळ नेसले. त्याला गुडघ्यापाशी वीतभर फाटलं होतं, पण ती जागा निऱ्यांत बरोबर आत जाईल असं नेसायची युक्ती मला साधली होती. दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता, मामालासुद्धा. त्याला सांगितलं असतं तर त्यानं स्वतःचा कोट विकून नवं आणलं असतं.

विठ्ठलवाडीला उतरणं सोयीचं होतं, पण मामाला कल्याण स्टेशनबाहेरची कांदाभजी आठवली. म्हणून कल्याण, भजी, आणि मग टांगा. कॅम्पापर्यंत टांगेवाल्यानं आठ आणे घेतले आणि वाटभर घोड्याच्या तब्येतीची तक्रार ऐकवली ती वेगळी. तेव्हा उल्हासनगर नाव नवं होतं. सगळे कॅम्पच म्हणायचे. लढाईच्या वेळी सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी, आणि फाळणीनंतर त्यांत आणून ठेवलेले सिंधी लोक. एका बराकीत किती संसार, ते आतल्या पडद्यांवरून मोजायचं. चादरी, गोणपाटं, जुन्या ओढण्या, जे हाताला लागेल त्याच्या भिंती.

मामाला अस्तराचं कापड पुरवणारा टेकचंद तिथलाच. त्याची आई रुक्मणी. तिला सारी बराक दादी म्हणायची. आपल्याकडची आजी नव्हे, सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण. पन्नाशीची, उंच, आणि तिच्यापुढे मामाचाही आवाज खाली यायचा. आम्ही टेकतोय तोच समोर भाजलेला पापड आणि पाणी आलं. मग शेजारच्या पडद्याआडून दुसरा पापड. मग पलीकडून तिसरा. ही त्यांची रीत आहे, पाहुण्याला आधी पापड-पाणी, मग कामाचं बोलायचं. मला ठाऊक नव्हतं, मी प्रत्येक पापड संपवत गेले, आणि मी संपवतेय म्हणून त्या आणत गेल्या. सातव्याला मामानं मला चिमटा काढला.

मामानं काम सांगितलं. जुनं फाटकं द्या, नवं घ्या. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. सिनेमावाले वेडे असतात हे त्यांनी ऐकलं होतं, पण इतके? दादीनं सगळ्यांना सिंधीत समजावलं आणि मामाला म्हणाली, मिलेगा, पण आज नाही. इतवारला जाताना घेऊन जा. मामाचा चेहरा उजळला. मी वही काढली. ‘पात्रं’खाली अर्धं पान लिहिलं. सिंधमधल्या शिकारपुरात जिचं मोठं घर होतं ती, रोज शंभर पापड लाटणारी ती, नवऱ्याला शुद्ध मराठीत रागावायला शिकलेली ती. सिंधीत रागावलं की तो उलट बोलतो म्हणे.

रात्री मुक्काम तिथंच. संध्याकाळी नळाशी माझा पाय घसरला आणि पातळ चिखलात माखलं. दादी म्हणाली, उतार, मी धुते. मी नको नको म्हटलं, घरी जाऊन धुईन म्हटलं. पण तिच्यापुढे कोणाचं चाललंय? वळकटीतलं दुसरं पातळ नेसले आणि ओलं पातळ फाटकी बाजू आत जाईल असं गुंडाळून तिच्या हातात दिलं. वाळेल तेव्हा घे, म्हणाली. जेवायला वाटीभर आमटी होती आणि तिच्याबरोबर तळलेला, खुसखुशीत पकवान, मैद्याच्या कडक पुरीसारखा. आज हेच दाल-पकवान खायला लोक मुद्दाम उल्हासनगरला जातात. तुम्हीही जा, पण सकाळी लवकर जा, दहानंतर संपतं.

शनिवारी विठ्ठलवाडीहून गाडीनं अंबरनाथ. आधी देऊळ. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जायचं, वर बघितलं तर आभाळ. मी हात जोडून आत थांबले. मामा मात्र बाहेर भिंतीवरच्या दगडी बायकांच्या वस्त्रांच्या चुण्या बघत राहिला. इतक्या बायका आणि कपडा इतका थोडा, या देवळाच्या कपडेपटवाल्याला सुखाची नोकरी होती, म्हणाला. नऊशे वर्षांपूर्वीचा कारागीर त्याच्या हाताला लागता तर त्यानं त्याला उमेदवार ठेवून घेतला असता.

दुपारी काडेपेटीच्या कारखान्याजवळच्या चाळीत गेलो. इथं मला ‘संघर्ष’ मिळाला. नळावर दोन बायका अशा जुंपल्या होत्या की हंडे आडवे झाले. मी वहीत भराभर उतरवून घेत होते. कोण कोणाला काय म्हणाली, कोणी पदर खोचला, कोणी कमरेवर हात ठेवला. पान भरलं. मग मामानं एका म्हाताऱ्याला भांडणाचं कारण विचारलं. तो म्हणाला, हे काय, तुमच्यावरून. दादरचे पाहुणे माझ्याकडे जेवणार, असं दोघीही म्हणतायत. आम्ही दोघींकडे जेवलो. एकीकडे सुकट, दुसरीकडे पिठलं. बदलापूरच्या गाडीत मामाला झोप लागली ती स्टेशन निघून जायच्या बेतात असतानाच उघडली.

पण चाळीत फाटकं पातळ काही मिळालं नाही. जुनी होती, ठिगळांची होती, फाटकं मात्र कोणी काढून देईना. ‘दारिद्र्य’ या मथळ्याखालचं पान कोरंच होतं. मामा म्हणाला, काळजी नको, कॅम्पातलं येणारच आहे.

बदलापूर स्टेशनाजवळ कुळगावात मामाच्या ओळखीचा एक शिंपी होता, त्याच्या ओटीवर झोपलो. रविवारी सकाळी त्यानं चामटोली गावाची वाट दाखवली, तिथं काही जुनं मिळेल म्हणाला. दिवाळी नुकतीच झाली होती. भात कापणीला आलेलं, बांधावर चालताना दोन्ही बाजूंनी पिवळं. इतकं छान वाटत होतं की मी गुणगुणायला लागले आणि मामा एकदम थांबला. शेतात मधोमध ते उभं होतं. विरलेलं, उन्हानं विटलेलं, कडा दशादशांच्या झालेलं, अगदी हवं तसं लुगडं. बुजगावण्याच्या अंगावर.

मामानं आयुष्यात इतक्या भक्तिभावानं कशाला हात लावला नसेल. कापणी करणारी एक बाई विळा घेऊन आली. मामानं तिला नवं कोरं पातळ दाखवलं, हे घे आणि बुजगावण्याचं दे, कशाला ते सांगितलं. ती नव्या पातळाकडे बघत राहिली. हात पुढे आला होता, मग तिनं तो कमरेला पुसला.

“माणसाला नेसवायला फाटका नाय देत आमी,” ती म्हणाली. “फाटका त्या बुजगावन्याला. ती बाय सिनेमातली असली तरी कुनाची तरी लेकच हाय ना?”

मामानं पुष्कळ समजावलं. ती हसत हसत नाहीच म्हणत राहिली, आणि जाताना आम्हाला काकड्या मात्र दिल्या.

दुपार उलटताना कॅम्पात पोचलो. दादीनं गाठोडं तयार ठेवलं होतं. वर माझं तपकिरी काठाचं पातळ, धुऊन घडी घातलेलं, आणि खाली बारा पातळं आणि ओढण्या. मामानं एकेक उलगडायला सुरुवात केली आणि खाली बसला. सगळी धुतलेली, खळ लावलेली, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेली. जिथं जिथं फाटलं होतं तिथं रफू. इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

बायका भोवती उभ्या होत्या, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशा. मामा कसाबसा म्हणाला, दादी, मी फाटकं मागितलं होतं. दादीला वाटलं, मास्टरजी संकोचानं बोलतायत.

“मेहमान को फटा हुआ कैसे दें?” ती म्हणाली. “दो दिन सब औरतें बैठी हैं. पापड भी नाही लाटले.”

दोन दिवसांची पापडांची मजुरी त्यांनी आमच्यासाठी सोडली होती. मामानं हात जोडले, छान झालंय म्हणाला, नवी पातळं एकेकीला वाटली. त्यांचा आनंद बघून मलाही हसू येत होतं आणि सोमवारही आठवत होता. परतीच्या गाडीत मामानं एकदाच कमरेची किल्ली काढून बघितली आणि पुन्हा लावली.

घरी पोचल्यावर प्रवासाचं मळकं पातळ बदलावं म्हणून मी ते तपकिरी काठाचं घेतलं. सवयीनं निऱ्या घालताना फाटकी जागा चाचपली. सापडली नाही. उजेडाशी नेलं. त्याच पातळाच्या पदराच्या टोकाचे धागे काढून, उभा धागा उभ्यात, आडवा आडव्यात, अशी वीतभर वीण घातली होती. मी रडायलाच लागले. मामा धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला.

त्यानं चष्मा लावला. बराच वेळ वीण बघितली, आधी कारागीर म्हणून. मग त्याच्या ध्यानात आलं, पातळ कोणाचं आहे ते.

“हे कधी फाटलं होतं, सुमे?”

मी म्हटलं, दोन वर्षं झाली.

सोमवारी साहेबांनी गाठोडं सोडलं आणि त्यांचा आवाज चढला. यात गरिबी कुठं आहे, म्हणाले. वहीचं तिसरं पान बघून तर जास्तच. मामानं किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी माझं पातळ, रफूची जागा वर करून.

“साहेब, मी अठरा वर्षं कपडे बघतो,” तो म्हणाला. “माझ्या घरात माझी भाची दोन वर्षं हे भोक निऱ्यांत लपवून वावरत होती आणि मला दिसलं नाही. तुमच्या नायिकेला हे नेसवा. तिला ती जागा निऱ्यांत लपवायला सांगा.”

साहेब पातळावरून बोट फिरवत राहिले. मग ते नायिकेकडे पाठवलं, गाठोड्यातली बाकीची पातळं तिच्या शेजारणी झालेल्या बायकांकडे, आणि जाता जाता किल्ली मामाच्या दिशेनं सरकवली. चित्रपटात एका प्रसंगात ती बाई एक शब्द न बोलता, पाहुणे आल्यावर घाईघाईनं निऱ्या सारख्या करते. लोक त्यासाठी चित्रपट पुन्हा बघायला गेले. माझं पातळ काही परत मिळालं नाही. मामानं खरंच कोट विकून नवं आणलं.

चित्रपट कॅम्पाजवळच्या तंबूत लागला तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम गेलो. सगळी बराक एका रांगेत बसली होती. तो प्रसंग आला, तंबूभर नाकं ओढल्याचे आवाज, आणि आमची रांग मात्र माना उंचावून आपापली वीण शोधत खिदळत होती. मी दादीला हळूच विचारलं, माझं पातळ शिवलंस, मग तेव्हा बोलली का नाहीस?

तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

“तू छुपाया था ना,” ती म्हणाली. “तो मैंने भी छुपाके सी दिया.”

परवा नातवाच्या फ्लॅटवर जाऊन आले. खिडकीतून डोंगर दिसतात, खालच्या वाटेवर रिक्षा मिळते. शेजारीण ओळख करून घ्यायला आली तेव्हा मी सुनेला म्हटलं, आधी पापड भाज. वही अजून माझ्याकडे आहे. तिसरं पान अजून कोरं आहे, आणि त्याच्या आधीच्या पानांवर मी किती भराभर लिहिलं होतं ते बघून मला अजून लाज वाटते.