मोठ्या बाबांचा स्वतःचा आवाज

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठतो. पहिल्यापासूनच तसा आहे. अमरावतीत माझा माइक-स्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा आहे. लग्न असो, सभा असो, सप्ताह असो, पेट्या माझ्या. एका मंगल कार्यालयात रिकाम्या हॉलमध्ये कुणीतरी कण्हतं म्हणून मला बोलावलं होतं. गेलो, बघितलं, तर अर्थिंगची वायर सुटलेली. जोडली, भूत पळालं! तेव्हा निदान आवाजाच्या बाबतीत तरी आपल्याला कुणी उल्लू बनवू शकत नाही, असा माझा समज होता... गेल्या उन्हाळ्यापर्यंत.

आधी मोठ्या बाबांबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही मूळचे अकोटचे. तिथल्या गणपतीतल्या नाटकांत कामं करता करता ते मुंबईला गेले आणि जुन्या हिंदी सिनेमांत लागले. हिरो नाही की व्हिलन नाही. हिरोइनच्या घरचे मुनीमजी, कोर्टातले जज्ज, बाहेर येऊन मान हलवणारे डॉक्टर... असली दोन-दोन मिनिटांची कामं. धिप्पाड अंग, भरघोस भुवया. जुने सिनेमे बघत असाल तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलंय, फक्त नाव माहीत नसणार.

पण त्यांचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. कारण तो एकाही सिनेमात नाही!

देह पहिलवानाचा आणि आवाज बारीक, त्यात हिंदीला वऱ्हाडी हेल. म्हणून शूटिंग त्यांचं आणि डबिंग दुसऱ्याचं. त्या काळी लहानसहान नटांच्या बाबतीत हे सर्रास चालायचं. मी लहान असताना त्यांचा एक सिनेमा अकोल्याच्या टॉकीजमध्ये लागला होता. अर्धं अकोट एसटीनं अकोल्याला लोटलं. पडद्यावर मोठे बाबा आले, शिट्ट्या झाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं तर आतून ढगासारखा गडगडाट! मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, हा कोन बोलून राह्यला?" सगळी टॉकीज हसली. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी आई, तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मानूस आपला अन् आवाज परका. असं काय पाहावं?" पुन्हा तिनं टॉकीजचं तोंड पाहिलं नाही.

त्याच सिनेमातला किस्सा मोठे बाबा स्वतः रंगवून सांगायचे. ते मुनीमजी. वाड्याच्या दारात उभं राहून मालकिणीला म्हणायचं, "बहूजी, मैं जाता हूँ." वाक्य एवढंच. पण आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' कुणी म्हणतं का? म्हणणाऱ्याच्या तोंडात मारतील. मोठ्या बाबांची जीभ काही वळेना. दर टेकला "बहूजी, मैं आता हूँ." डायरेक्टर केस उपटायला लागला. "अरे भाई, तुझे जाना है!" हे म्हणाले, "साहेब, जाना हैच. पर बोलने का नहीं ना." शेवटी तो हरला. म्हणाला, जे बोलायचं ते बोल, नंतर डबिंगमध्ये बघतो. 'जा' काय आणि 'आ' काय, ओठ सारखेच उघडतात. पडद्यावर कुणाला पत्ताही लागला नाही.

आता न हसण्यासारखं.

एका वर्षी मोठे बाबा दिवाळी होईपर्यंत राहतो म्हणून अकोटला आले होते. दिवाळीच्या तोंडावर मुंबईहून कामाचं बोलावणं आलं आणि ते निघाले. मोठी आई चिडली. चिडणारच, मूलबाळ नाही, वर्षातले दहा महिने एकटी. ती चुलीपुढून उठली नाही. मोठे बाबा दारात बॅग घेऊन म्हणाले, "येतो." आपल्याकडे त्यावर "या" म्हणायचं असतं. ती बोलली नाही. ते थांबले. पुन्हा "येतो" म्हणाले. ती चूप. मग गेले. आणि मुंबईतच हार्ट अटॅकनं वारले.

तेव्हापासून मोठ्या आईच्या मनात एकच. "मी त्यायले 'या' मनलं नाही, मनून ते आले नाहीत." किती समजावलं, व्यर्थ. आमच्याकडून कुणीही निघालं, अगदी गॅस सिलिंडरवालासुद्धा, तरी ती फाटकापर्यंत जाऊन "या बरं" म्हणते. गुडघे गेल्यापासून ती अमरावतीला आमच्याकडे, साईनगरात असते. ऐंशी उलटली. गेली काही वर्षं कानही गेले. मशीन लावलं तर ऐकू येतं, एरवी शेजारी फटाका फोडा, ढिम्म! मला एकदा म्हणाली, "त्यायचा आवाज बी आठवत नाही रे आता." आयुष्यभर लोकांचे आवाज मोठे करत आलो आणि मोठ्या बाबांचा एक शब्दही कुठे टेप केलेला नव्हता.

तर गेल्या मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं, घरात कूलर गरगरत होता. कूलर लावला की मशीनमध्ये नुसती घरघर येते, म्हणून मोठ्या आईनं ते काढून डबीत ठेवलेलं. ती टीव्हीकडे पाठ करून लसूण सोलत होती. मी आणि माझी बायको वैशाली चॅनल बदलत होतो, तर तोच सिनेमा लागलेला. वैशाली मोर्शीची, तिनं मोठ्या बाबांना कधी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "थांब, आता येतीलच मोठे बाबा." आले. पहिल्या सीनमध्ये तोच गडगडाटी आवाज. वैशाली हसली.

मग दाराचा सीन आला. मुनीमजी उंबऱ्यापाशी थांबले आणि बारीक, वऱ्हाडी हेलाच्या आवाजात म्हणाले, "बहूजी, मैं आता हूँ."

तो आवाज मी लहानपणी अंगणात ऐकलेला. ओळखायला मला दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. वैशालीच म्हणाली, "अहो, मोठ्या बाबायचा आवाज एकदम बदलला कसा?"

आणि मुनीमजी जाईनात! उंबऱ्यावर तसेच उभे. मला वाटलं, चित्र अडकलं. पण मागे पडदा हलत होता, त्यांच्या पापण्या हलत होत्या. ते वाट बघत होते.

मोठ्या आईच्या हातातला लसूण थांबला. मशीन डबीत, कूलर चालू, टीव्ही पाठीमागे. तरी ती वळली. पडद्याकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी रोजच्यासारखं म्हणाली,

"या."

मुनीमजी वळले आणि दाराबाहेर गेले. पुढचा सीन सुरू झाला.

तो सिनेमा मी नंतर मोबाइलवर शोधून पाहिला, पुन्हा टीव्हीवर लागला तेव्हाही पाहिला. "जाता हूँ" आहे, गडगडाटी आवाज आहे, आणि वाक्य संपताच मुनीमजी पाठ फिरवतात. थांबतबिंबत नाहीत. तुम्ही म्हणाल, वेगळी प्रिंट असेल. पण शूटिंगच्या वेळचा तो कच्चा आवाज डबिंगनंतर कोण जपून ठेवतो? बरं, ठेवला असं धरू. बहिऱ्या बाईला तो ऐकू कसा गेला? वैशालीनं आणि मी त्या दुपारबद्दल कितीतरी वेळा बोलून पाहिलं, दोघांनाही तेच आठवतं. धंद्यातल्या मित्रांना विचारलं तर ते माझ्याकडेच संशयानं बघायला लागले.

त्याच संध्याकाळी मोठ्या आईच्या कानात मशीन बसवून मी विचारलं, "मोठे आई, तुले आयकू आलं काय गं? खरं सांग."

ती म्हणाली, "आलं ना. काहून नाही येईन? एवढे दारात उभे होते."

"मंग आता येतीन काय ते?" मी उगाच चिडवलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच म्हातारा आणि मीच बहिरा.

"येवोत का न येवोत. मी माह्याकडून मनलं."