मॉलचं परसदार

मॉल ही प्रवास करून बघायला जाण्यासारखी जागा आहे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. यावरून ऑफिसात माझी भरपूर थट्टा व्हायची. पुण्यात जन्मलेले सहकारी नाकानं कांदे सोलत म्हणायचे, मॉलमध्ये बघायचंय काय, तिथं खरेदी करतात. रविवारी हीच मंडळी गाड्या काढून कासारसाईच्या धरणावर, नाहीतर पौडवरून मुळशीकडे निघायची आणि भाताच्या खाचराच्या बांधावर उभं राहून फोटो काढायची. मी शहराबाहेर नेऱ्यात राहत होते. खाचर मला खिडकीतून फुकट दिसत होतं. मग मी उलट्या दिशेनं बस बदलत बदलत मॉल बघायला गेले तर त्यात हसण्यासारखं काय होतं?

मी मराठवाड्यातली. उन्हाळ्यात गावात टँकर आला की आमच्याकडे माणसं नळीवर तुटून पडतात. पहिल्यांदा मॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हा समोर, चक्क छताखाली, कारंजं उडत होतं आणि त्याखाली कुणीही घागर लावलेली नव्हती. मी त्याच्यासमोर कितीतरी वेळ उभी राहिले. पुढं काचेची लिफ्ट, गुळगुळीत फरशी, वर बघितलं तर चार मजले एकदम दिसायचे. तिकीट नाही, रांग नाही, 'काय पाहिजे' म्हणून कुणी अंगावर येत नाही. गावाकडून पाहुणे आले की मी त्यांना अर्धा तास शनिवारवाडा दाखवायची आणि अर्धा दिवस मॉल. शनिवारवाड्याबद्दल गावात परत जाऊन कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

नेऱ्यातले माझे घरमालक, त्यांना मी काका म्हणायची, जुने शेतकरी. आयटीचं वारं आल्यावर जमिनीचा एक तुकडा त्यांनी बिल्डरला दिला होता, उरलेल्यात अजून स्वतः उतरायचे. अंगणात नवी जीप होती आणि मागं भाड्याच्या चार खोल्या. त्यातली एक माझी. काकू दिवसभर कामात, बोलायला कमी. त्यांची एकुलती लेक बी. कॉम. झाली होती आणि माझ्या तोंडून मॉलची वर्णनं ऐकून ऐकून तिला तिथं नोकरी करायची हौस आली. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तिला घेतलंही. काकांनी तेव्हा हो म्हटलं, पण मनापासून नाही.

मग गावात कुजबुज सुरू झाली. जमीन विकून पैसा आला तरी पोरीला दुकानात उभी करतोय, असं लोक म्हणायला लागले. त्यातच सोयरिकी यायला लागल्या आणि पोरगी काय करते, हे सांगताना काकांची जीभ अडखळायला लागली. एका संध्याकाळी त्यांनी तिला सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून बंद. ती रडली नाही. बापासमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "तात्या, जागा तरी बघा. न बघता न्हाई म्हनू नका."

हे काकांना लागलं, कारण न बघता नाही म्हणणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. मुलगी द्यायची असली की त्यांच्याकडे मुलीकडची माणसं आधी मुलाचं घर बघून येतात. आधी कळवत नाहीत. कळवलं की गोठासुद्धा सारवलेला मिळतो. घराला आधी बाहेरून फेरी मारायची. पाणी बघायचं, जनावरांच्या अंगावर मांस आहे का बघायचं, शेजार कसा आहे ते बघायचं, आणि पसंत पडलं तरच त्या घरचा चहा घ्यायचा. नापसंत असेल तर पाण्याचा घोटही न घेता नमस्कार करून उठायचं. तोंडानं काही बोलायला लागत नाही. यजमानाला कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या खोलीच्या दारात आले.

"म्याडम, येत्या रविवारी तुमी मोकळ्या हाय का? त्या मॉलला जायचंय. घर बघायला."

मला आधी वाटलं ते गमतीनं म्हणतायत. पण ते गंभीर होते. त्यांनी काकूंच्या भावाला माले गावाहून बोलावून घेतलं होतं, कारण घर बघायला एकट्यानं जात नाहीत. हे मामा म्हणजे बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, आजवर त्यांनी कितीतरी सोयरिकी जमवल्या होत्या आणि त्याहून जास्त मोडल्या होत्या. दोन पुरुषांबरोबर मी एकटी कशी जाऊ, असं म्हणून मी काकूंनाही घ्यायचा हट्ट धरला. या घरातली बाई कधीच घर बघायला गेलेली नव्हती. काका म्हणाले, "बसू दे मागं." लेकीला यातलं काहीही सांगायचं नाही, असं ठरलं. ती सकाळीच बसनं कामाला गेली आणि आम्ही मागून जीपनं निघालो.

मी वाटभर बडबडत होते. माझीच परीक्षा होती म्हणा ना. तो मॉल माझा लाडका, आणि या दोन माणसांच्या नजरेतून तो उतरला तर एका मुलीची नोकरी जाणार होती. दारातून आत शिरताना थंड हवेचा झोत लागला की यांचं मत बदलेल, असा माझा हिशेब होता. पण काका दारातून आत गेलेच नाहीत. जीप रस्त्याकडेला एका झाडाखाली लावली आणि भर उन्हात ते मॉलला बाहेरून फेरी मारायला निघाले. टोपी सारखी करत पुढं काका, मागं धोतराचा सोगा हातात धरून मामा, त्यांच्या मागं आम्ही दोघी. मॉलला बाहेरून फेरी मारणारी माणसं त्या पहारेकऱ्यांनी कधी बघितली नसावीत. एक जण शिट्टी तोंडात धरून आमच्याकडे नुसता बघत राहिला.

"भिताड पक्कं हाय," फेरी संपल्यावर मामा म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच कबुली होती.

आत गेल्यावर मात्र मला मजा यायला लागली. कारंज्यापाशी दोघेही थांबले. काकांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं हे मला विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. सरकत्या जिन्यापाशी मामांनी साफ नकार दिला आणि दोघे साध्या जिन्यानं वर गेले. काकूंनी पदर खोचला, निऱ्या जराशा उचलल्या आणि एसटीत चढावं तशा त्या सरकत्या जिन्यावर चढल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "बरं हाय की हे." पुरुष धापा टाकत येईपर्यंत आम्ही खाली जाऊन पुन्हा एकदा वर आलो होतो.

मी त्यांना सगळं दाखवलं. भांड्यांचं दुकान, खेळण्यांचं दुकान, एका मजल्यावर मांडलेलं खोटं स्वयंपाकघर, ज्यातल्या नळाला पाणी नव्हतं. बाकड्यांवर बसलेली कुटुंबं दाखवली. कुणी सोलापूरचं, कुणी नागपूरचं, कुणी हिंदी बोलणारं, सगळी माझ्यासारखीच नुसती बघायला आलेली. एवढ्या गावांची माणसं एकाच छताखाली इतक्या शांतपणे हिंडताना मी दुसरीकडे कुठं बघितली नाहीत, आणि ते बघून मला तिथं नेहमी भरून यायचं. काका मान डोलवत होते. पण मी कॉफी घ्या म्हटलं, नको. आइस्क्रीम, नको. पाण्याची बाटली पुढं केली तर म्हणाले, "आत्ता न्हाई." माझा जीव टांगणीला लागला.

लेकीचं दुकान आम्ही लांबूनच बघितलं. ती दिसली नाही. जेवणाची वेळ होती.

"वरून कीर्तन झालं," मामा म्हणाले, "आता आतून बघाया पायजे."

काकांनी पहारेकऱ्याला गाठलं आणि मॉलचं परसदार कुठं आहे ते विचारलं. मी मध्ये पडून काहीतरी सारवासारव करणार होते, पण तो पहारेकरी बीडकडचा, वयानं काकांएवढाच. काका त्याला म्हणाले, "आमची पोरगी हाय हितं कामाला. घर बघाया आलोय." त्यानं दुसऱ्या पहारेकऱ्याला जागेवर उभं केलं आणि म्हणाला, "दारातून बघा. आत सोडता येत नाही मला."

तो आम्हाला तळघरातून मागं घेऊन गेला. तिथं झगमगाट नव्हता. भिंतींना रंग नव्हता, खोक्यांचे ढीग होते, मालाची लिफ्ट खडखडत होती. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. इतके महिने मी मॉल मिरवला आणि ही बाजू मी स्वतःसुद्धा कधी बघितली नव्हती. मग एका उघड्या दारातून हसण्याचा आवाज आला.

कामगारांच्या जेवणाची खोली होती ती. लांबट टेबलं, दोन्ही बाजूंना बाकडी, भिंतीवर पंखे. एका बाकड्यावर चार मुली डबे उघडून बसल्या होत्या आणि त्यातली एक काकांची लेक होती. समोरची मुलगी मणिपूरची होती, हे आम्हाला नंतर कळलं. ती लेकीच्या डब्यातली भाकरी मोडून ठेच्याला लावत होती आणि तिखटानं तोंड वाकडं करत होती. दुसरी तिला पाणी द्यायच्या ऐवजी स्वतःच हसत होती. आणि आमची, घरात तोंडावर हात धरून हसणारी, मान मागं टाकून खदखदून हसत होती. काका दाराच्या चौकटीत उभे राहिले. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

तिनंच त्यांना पाहिलं. हसू गेलं, ती ताडकन उठली. बाकीच्या तिघींना काय समजलं कोण जाणे, त्या सरकून बसल्या आणि मणिपूरची मुलगी तिखटानं भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "अंकल, बैठिये ना." पहारेकऱ्यानं आमच्याकडे बघितलं, आपले नियम आठवून बघितले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. काका आणि त्यांच्यामागून मामा आत गेले आणि बाकड्याच्या टोकावर बसले. खोली सांभाळणाऱ्या बाईनं दोन कागदी कपांत चहा आणून ठेवला. मामांनी काकांकडे पाहिलं. काकांनी कप उचलला आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग मामांनीही आपला कप ओढून घेतला. माझा जीव भांड्यात पडला.

लेकीला ती रीत माहीत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काका तिला म्हणाले, "सुटल्यावर रस्त्यावर उभी ऱ्हाऊ नको. जीप येत जाईल." एवढंच. नोकरीबद्दल कुणी शब्द काढला नाही.

वर आल्यावर काका आणि मामा पोट भरून जेवले, आइस्क्रीम खाल्लं, कारंज्यापाशी फोटोही काढून घेतला. मामा तर दुकानादुकानात शिरून वस्तू उलट्यासुलट्या करून बघायला लागले, सोयरीक झालेल्या घरी वागतात तसे. मी आणि काकू एका बाकड्यावर बसलो होतो. मी खुशीत होते. मी म्हटलं, "काकू, बघा, आला की नाही मॉल पसंत?"

काकूंनी खाली फरशीकडे बघत हळूच विचारलं, "ताई, हितं माझ्या वयाच्या बायकांना घेत्यात का?"

मला वाटलं, आजच्या दिवसाची हौस आहे. मी म्हटलं, "घेतात की. साफसफाईला असतात बऱ्याच जणी. पण तुम्हाला कशाला पाहिजे काम? घरी काय कमी आहे?"

"कामाचं न्हाई ओ," काकू म्हणाल्या. "लगीन होऊन आले तवापासनं सगळी जेवून उठली की मग मी बसते. समोर कोन नसतं. त्या पोरींच्या बाकड्यावर बसून एकदा जेवायचं हुतं."

तेवढ्यात पुरुष दोघे हसत हसत समोरून आले आणि काका म्हणाले, चला, उशीर झाला, घरी जाऊन सैपाक व्हायचाय. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि त्यांच्या मागून चालायला लागल्या.