उचलील तिचा उखा

जसोदाबाई छप्पन्न्या, म्हणजे संवत १९५६च्या, दुष्काळातली. त्या साली जन्मलेली पोर जगली, एवढ्यावर माहेरी तिचं कोण कौतुक होतं. सासरी कळसाडीला मात्र तिचं एकही पोर जगेना. पहिलं बारशाच्या आतच गेलं, दुसरं मानमोडी तापाच्या साथीत, आणि तिसरं पाळण्यात दूध पिऊन झोपलं ते उठलंच नाही. साथीत घरटी माणूस मेलं होतं. पण सासू पार्वतीबाईच्या लेखी तो दोष साथीचा नव्हता, सुनेच्या हाताचा होता. "हिना हातमा पोरं टिकतस नही," असं ती आल्यागेल्याला सुनेच्या देखत सांगायची. सांगून सांगून ते गावाला पटलं, नवऱ्याला पटलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुद्द जसोदाबाईलाही पटलं.

नवरा मगन म्हणजे आई म्हणेल ती पूर्व दिशा. आईनं दुसरी कर म्हटलं, यानं केली. पार्वतीबाईनं आपल्या भावाचीच लेक आणली, प्रमिला. गोरी, ठसठशीत, आत्याच्या शब्दाबाहेर न जाणारी. पण पावसाळ्यामागून पावसाळे गेले तरी तिची कूस उजवेना. आणि नशिबाची थट्टा अशी, की त्याच सुमाराला जसोदेला पुन्हा दिवस गेले.

या खेपेला तिचे हाल कुत्रं खाईना. पोटात पाणी ठरेना. पाचव्या महिन्यात अंगावरून गेलं. सुईण दिवलीबाई भिलाटीतून, भिल्लांच्या वस्तीतून आली, तिनं पोट चाचपलं आणि पडून राहायला सांगितलं. पडून राहायला जसोदा काय माहेरी आली होती? कापूस फुटला होता. पार्वतीबाईनं कमरेला कापसाची ओटी बांधून तिला वेचणीला धाडलं. पायावर सूज, तोंडावर सूज, डोळ्यापुढे काजवे. बोंड तोडायला वाकली की पुन्हा उभं राहताना तिला झाडाचा आधार घ्यावा लागे. "पोटमा पोर शे, धोंडा नही," सासू बांधावरून म्हणायची. जसोदा पुढचं बोंड तोडायची. पोर जगायला हवं, बाकी सगळं चालेल, असा तिचा मनाशी करार झाला होता.

उपायही तिनंच काढला. ज्या बाईची पोरं जगत नाहीत, तिनं नवं पोर जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर टाकायचं. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं. मग आईनं सूपभर दाणे देऊन ते त्याच दिवशी विकत घ्यायचं. टाकलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही म्हणतात. अशा पोरांनी गल्लीगल्लीतून उकिरड्यावरून पडलेलं उखा हे नाव चालवलं होतं आणि ती सगळी धडधाकट होती. उचलायला दिवलीबाईनं यायचं ठरलं. जसोदेनं सासूचे पाय धरून परवानगी मागितली. पार्वतीबाईनं ती इतक्या चटकन दिली, की कोणी शहाणी असती तर तिथंच सावध झाली असती.

वेणा लागल्या त्या दिवस मावळला, उजाडला, पुन्हा कलला तरी सुटका नाही. पोर पायाकडून आलं. दिवलीबाईनं घामाघूम होऊन ते ओढलं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे ते रडलं. मुलगा होता. जसोदेनं हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले. अजून त्याला हात लावायचा नव्हता.

"आत्याबाई, आधी उकिरडा," ती म्हणाली.

पार्वतीबाईनं सूप उचललं. वार अजून पडली नव्हती, रक्त थांबत नव्हतं, दिवलीबाईला बाळंतिणीजवळून हलता येईना. "तू हिले देख. उचलाले शे कोनी तरी," असं म्हणून सासू मागच्या दारानं गेली. उकिरड्याजवळ प्रमिला पदर पसरून उभीच होती.

संध्याकाळी जसोदेला बसता यायला लागलं. भिंत धरत ती कणगीपर्यंत गेली, सूपभर ज्वारी काढली आणि प्रमिलेपुढे ठेवली. आता तिला पोर छातीशी घ्यायचं होतं.

पार्वतीबाईनं सूप पायानं सरकवलं. "जिनी उचला तिना. तू परत लिशी ते परत मारशी. मारानं शे का?"

तीन पोरं गेली होती. जसोदेनं मगनकडे पाहिलं. मगन बैलांना वैरण टाकायला निघून गेला. तिनं ज्वारी परत कणगीत ओतली. मला तिचा राग येतो, आणि तिच्या जागी कोण वेगळं वागलं असतं तेही सांगता येत नाही.

प्रमिलेला दूध कुठलं असायला? म्हणून पोर जसोदेच्याच अंगाला लागलं, पण चोरासारखं. दाराआड बसून, तोंडावर पदर ओढून पाजायचं, म्हणजे त्याला आई कळायला नको. पोट भरलं की प्रमिला उचलून न्यायची. देवकी होऊन बसलेली ही जसोदा. कुणाचं काय नाव ठेवावं! उखा रांगला, चालला, बोलला. प्रमिलेला माय म्हणायला लागला आणि जसोदेला मोठी. आणि तो जसजसा धष्टपुष्ट होत गेला, तसतसं सासूचं म्हणणं खरं ठरत गेलं.

उखा सहा-सात वर्षांचा झाला आणि प्रमिलेला मुलगा झाला. स्वतःच्या पोटचा. घराचा रंग एका दिवसात पालटला. उखाची वाटी चुलीपासून दूर गेली, अंथरूण ओसरीवर गेलं. त्यातच त्याला गोवर निघाला. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे लाल. प्रमिलेनं त्याला दंडाला धरून जसोदेपुढे आणून उभं केलं. मागे पार्वतीबाई होतीच.

"बाई, तुन्हा पोर्‍या तुले. मन्हं तान्हं शे घरमा. दाणाबिणा काई नको, लई जाय."

इतकी वर्षं जसोदा याच शब्दांसाठी जगत होती. तिचे हात उठले. पोर तापानं डगमगत होतं, मोठीकडे बघत होतं. आज, असा आजारी असताना, याला माझा म्हटलं तर? मरण त्या घरात तिच्या माहितीचं होतं. ते तिच्याच तोंडाकडे टपून बसलंय असं तिला वाटलं. तिनं हात खाली घेतले.

"हाऊ मन्हा नही," ती मोठ्यानं म्हणाली. कुणी ऐकत असेल त्याला ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली, "मन्हा कोनी लागत नही."

प्रमिला म्हणाली, "मन्हा बी नही," आणि आत गेली.

उखा गोठ्याच्या कडेला पडला. जसोदेनं त्याला कडुनिंबाचा पाला घातला, ओल्या फडक्यानं पुसलं, ज्वारीची पेज पाजली. ताप उतरला त्या सकाळी त्यानं विचारलं, "मोठी, मी कोना शे?"

"कोनाच नही, भाऊ. म्हनीसन तू जगशी."

उखानं मान हलवली. पेज सगळी प्याला, वाटी खाली ठेवली. तो चांगला म्हातारा होऊन मेला म्हणतात. जसोदेला मात्र त्यानं त्या दिवसानंतर मोठी म्हणूनसुद्धा हाक मारली नाही.